कुरामोचीचे लहरी कण

परीक्षक उसामी सेन्सेई प्रयोगशाळेत येऊन बसले आणि कुरामोचीच्या कणांनी असहकार पुकारला. नर सॅल्मनच्या वीर्यपिशव्यांतला डीएनए पॉलिमरमध्ये गुंफून तिने हे नॅनोकण घडवले होते. त्यांतून वीज उत्तम वाहते, हा तिच्या प्रबंधाचा एकमेव दावा. आणि यंत्राचा काटा शून्यावर ढिम्म बसलेला.

"काल तर नुसता पळत होता," कुरामोची पुटपुटली.

"काल पाहुणे नव्हते," तिचे मार्गदर्शक तोकुनागा दात आवळून म्हणाले. पाहुण्यांसाठी त्यांनी प्रयोगशाळा लख्ख करून घेतली होती, उत्तर जपानमधल्या होक्काइदोच्या थंडीला शोभेल एवढा हीटर वाढवला होता आणि तिचा सहाध्यायी इगाराशी याच्या स्वयंपाकावर बंदी घातली होती. मासळीच्या कारखान्याकडून आलेल्या वीर्यपिशव्यांतल्या अर्ध्या डीएनएसाठी आणि अर्ध्या इगाराशीच्या पातेल्यात, ही तिथली हिवाळ्यातली जुनी वहिवाट.

तारा बदलल्या. काटा हलला नाही. नवे कण पसरले. तरीही नाही. उसामींनी जांभई दाबली, तेव्हा तोकुनागांचा धीर सुटला.

"इगाराशी, सेन्सेईंना निदान जेवायला तरी घाल!"

"पण बंदी आहे ना?"

"उठवली! पेटव शेगडी!"

मोजणीच्या टेबलाशेजारी पातेले खदखदू लागले. काटा थरथरला. मग एकदम उसळला.

"बघा! लाजत होते बिचारे!" तोकुनागा ओरडले.

कुरामोचीला मात्र आनंदाऐवजी शंका आली. तिने पातेल्यावर झाकण ठेवले, काटा उतरला. काढले, चढला. तोकुनागा डोळ्यांनी विनवत होते: पुरे, खाली बस! तिने पुन्हा झाकण ठेवले आणि पदवीवर पाणी सोडले.

"सेन्सेई, माझ्या कणांची यात काही करामत नाही. ते वाफ पितात आणि वीज त्या पाण्यातून जाते. हीटरने कोरड्या केलेल्या हवेत ते नुसते दगड आहेत."

उसामींनी स्वतः झाकण उचलले, पुन्हा ठेवले; काटा चढला, उतरला. असल्याच कणांच्या शोधावर त्यांची सारी कीर्ती उभी होती.

"आमचे कण तर बारा महिने वीज वाहतात," ते हळूच म्हणाले.

"तुमच्याकडे हवा कशी असते?"

"दक्षिणेला, अगदी समुद्राला लागून. टॉवेल वाळत नाहीत."

इगाराशीला अचानक खोकला आला.

उसामींनी वाडगा पुढे केला. "वाढ रे. कुरामोची, प्रबंध मंजूर, दावा तेवढा उलटा करून लिहा." मग आवाज आणखी खाली आणून ते म्हणाले, "आणि माझ्या शोधनिबंधांचे संदर्भ दिलेत ना? ते काढून टाका."