राजापेठेत आणलेला समुद्र

समुद्र घरी आणायचा, हे चिंतामणरावांनी डायलिसिस वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून ठरवलं. (अशा बाकावर बसून माणसाने काही ठरवू नये. पण तिथे दुसरं करण्यासारखं काही नसतं.) आत त्यांच्या पत्नी कुंदाताई यंत्राला जोडलेल्या. दोन्ही किडन्या गेलेल्या, एक दिवसाआड इथे यायचं, आणि लांबचा प्रवास आता विसरा, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे कोकण राहिलंच. अमरावतीच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवलेल्या माणसाने बायकोला समुद्र दाखवला नव्हता. एका वर्षी पेपर तपासायचे होते, एका वर्षी घराचा स्लॅब, मग मुलाचे क्लासेस. समुद्र काय, कुठे पळून जातोय? समुद्र नाहीच पळाला. कुंदाताईच हातातून निसटत चालल्या होत्या.

अकोल्याला परवेजचं ॲक्वेरियमचं दुकान होतं. त्याने परोपरीने समजावलं.

"चाचा, गोल्डफिश घेऊन जा. खाऱ्या पान्याचं काम भल्लं नाजूक. कोरल म्हंजे जिंदा जीव हाये, शोपीस नाई."

"मले सांगतं का तू? प्रवाळ मी शिकवले हायेत!" चिंतामणराव म्हणाले. (शिकवले होते. पुस्तकातल्या काळ्यापांढऱ्या चित्रावरून.)

काचेची टाकी आली, पंप आला, निळा दिवा आला, समुद्री मिठाची मोठी बादली आली. कोरल जगतील इतकं पाणी मुरेपर्यंत कित्येक आठवडे टाकीत नुसते दगड होते. राजापेठेतले शेजारी पाहायला यायचे, बराच वेळ वाकून पाहायचे आणि चहा पिऊन जायचे. मग चिंतामणराव अकोल्याहून एसटीने कोरल घेऊन निघाले, मांडीवर थर्माकोलचा डबा.

"काका, काय हाये डब्यात?" कंडक्टरने विचारलं.

"समुद्र."

"मंग लगेज लागन."

टाकीत ठेवल्यावर कोरल दोन दिवस रुसून बसले. तिसऱ्या दिवशी त्यांची हिरवी-जांभळी बोंडं उमलली आणि पाण्याबरोबर डुलायला लागली. कुंदाताई खुर्ची ओढून समोर बसल्या त्या जेवायलाही उठेनात. त्यांचं जेवण तरी काय, बिनमिठाचं.

"समुद्राले बादलीभर मीठ, अन् मले फिक्कं वरण," त्या म्हणाल्या, पण हसून. दर रविवारी चिंतामणराव नळीने थोडं पाणी काढून नवं भरायचे, तेव्हा त्या म्हणायच्या, "याचंबी डायलिसिसच म्हना की." चिंतामणराव टाकीकडे कमी आणि त्यांच्या चेहऱ्याकडे जास्त पाहायचे. फार दिवसांनी घरात बरं वाटत होतं.

मग एप्रिल लागला. पाणी तापायला लागलं तसं चिंतामणरावांनी कूलरचं तोंड टाकीकडे वळवलं आणि नवराबायको घामाने निथळत झोपायला लागले. कूलरच्या वाऱ्याने टाकीतलं पाणी भराभर उडायचं. रोज सकाळी दोन बोटं पातळी खाली. चिंतामणराव रोज मिठाचं पाणी कालवून ती भरून काढायचे. समुद्रात साधं पाणी कसं घालणार? खारटपणा मोजायचा काचेचा काटा मोरीत पडून कधीच फुटला होता, पण भूगोलाच्या माणसाला काटा कशाला?

कोरल मिटले. परवेजने फोनवर विचारलं, "चाचा, खारटपन मोजला का?" चिंतामणरावांनी ठोकून दिलं, "एकदम बरोबर हाये." मग त्यांनी दोष आधी विजेला दिला, नंतर शेजारच्या फोडणीला आणि शेवटी देवापुढच्या उदबत्तीला. उदबत्ती बंद झाली.

एका दुपारी कुंदाताई म्हणाल्या, "अवो, एक सांगू? रागावसान तं नाई? पानी भल्लं खारट झालं."

"तुले कसं समजलं?"

त्यांनी आपल्या बोटाकडे पाहिलं. "रोज एक बोट बुडवून चाटत होती. पहिल्या दिवसापासून. तोंडाले चवच नाई राह्यली ना. पहिले बरं लागे. आता जीभ सोलून निघते."

"तुले मीठ बंद हाये!" चिंतामणराव ओरडले.

"मले बंद हाये. मंग त्याईले काहून इतकं? पानी उडते, मीठ थोडी उडते! मिठागराचा धडा तुमीच शिकवत होते ना?"

दर वर्षी शिकवत होते. फळ्यावर आकृती काढून. लाजेने त्यांचे कान तापले, आणि लाजलेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. घाई. टाकीतलं खारं पाणी उपसून दोन बादल्या गोडं पाणी एकदम ओतलं. इतका फरक कोरलना सोसला नाही. दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं, घरात कुजका वास सुटला, आणि चिंतामणरावांनी एकेक मेलेलं कोरल हाताने उचलून बाहेर काढलं.

रिकाम्या टाकीपुढे बसून ते रडले. चांगले हुंदके देऊन रडले.

"माफ कर मले. तुझा समुद्र मारला म्या."

"माझा?" कुंदाताईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "समुद्र तं तुमीच म्हनत होते. मी म्हनत होती, कुठंतरी चाला. दोघंच. मोझरीले नेलं असतं तरी चाललं असतं."

मोझरी! बसने तासाभराचा रस्ता. आश्रमात दर्शन घ्यायचं, झाडाखाली बसून घरचा डबा खायचा, संध्याकाळी परत. शाळेच्या सहली घेऊन चिंतामणराव तिथे कितीदा तरी गेले होते. बायकोला न्यायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं. त्यांनी डोळे पुसले.

"जाऊ," ते म्हणाले. "नक्की जाऊ. मोझरी काय, कुठं पळून जाते? हे ऊन जरा उतरू दे."

कुंदाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांना हसू फुटलं. पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या की दम लागला. त्या हसतायत म्हणून आनंदाने चिंतामणरावही हसायला लागले. आपण काय बोलून बसलो हे त्यांना समजलं, तेव्हा कुंदाताईंचं हसणं थांबलं होतं आणि त्या नुसत्या त्यांच्याकडे पाहत होत्या.