सूर्यखड्गाचा आहेर

आपली आवड घरच्यांना लावावी, असा विचार मनात आला की माणसाने थंड पाण्याने आंघोळ करावी आणि गप्प पडून राहावं. मी तसं केलं नाही. (आमचा गिझर चालू होता.)

त्याचं असं झालं. गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या कोपऱ्यात माझा जुना कॉम्प्युटर आहे. त्यावर मी एकच काम करतो, ते म्हणजे ‘काळदुर्ग’ खेळणे. चार भागांची जुनी मालिका. तलवारी, जादू, गावोगावची माणसं आणि शेवटी गुहेत बसलेला महाराक्षस. माझ्या योद्ध्याचं नाव संतोषसिंह. (मी नुसता संतोष, आवक-जावक विभागातला कारकून. ‘सिंह’ मी स्वखर्चाने जोडलाय.) हा संतोषसिंह कॉलेजपासून त्या गुहेकडे चाललाय. त्याच्या कमरेला सूर्यखड्ग आहे. ते मिळवायला मला अकरा महिने लागले होते आणि त्यापायी एस.वाय.ला स्टॅटिस्टिक्स राहिला होता.

माझ्या बायकोला, उज्वलाला, त्या कोपऱ्यात घरघंटी हवी होती.

“भंगारवाला सोमवारी येतोय,” ती म्हणाली.

“तू एकदा खेळून तर बघ!” मी कळवळून म्हणालो.

तिने आधी तो कोपरा डोळ्यांनी मोजला. मग म्हणाली, “ठीक आहे. रविवारी आई येतेय कळवणहून. मी, आई आणि वेदिका, तिघी बसू. आम्हाला गोडी वाटली तर राहू दे. नाहीतर दळण घरी.”

मी तयारीला लागलो. नवख्यांनी पहिल्या भागापासून सुरुवात करावी की दुसऱ्या, यावर जाणत्या लोकांत आजही भांडणं आहेत. मी चौदा पानांच्या नोट्स काढल्या. (ऑफिसात. तेवढ्या वेळात आवक झाली नाही, जावकही झाली नाही.) शेवटी ठरवलं की नमनाला वेळ न घालवता थेट माझाच खेळ दाखवायचा. तो एकाच ठिकाणी सेव्ह होता, दुसरी प्रत नव्हती. कोण आपल्या पराक्रमाची झेरॉक्स काढून ठेवतं?

रविवारी सकाळी अकरा वाजता सासूबाई, म्हणजे बायडाबाई, खुर्चीवर बसल्या. माउस आमच्या लेकीच्या, वेदिकाच्या हातात होता, कारण पडद्यावरचं इंग्रजी तिला वाचता येतं. तिला सांगत सांगत मी संतोषसिंहाला एका खेड्यात नेलं, एका घरात शिरवलं आणि कोनाड्यातल्या बरण्या उघडून औषधं पिशवीत टाकली.

“जावईबापू, हे घर कोणाचं हाय?”

“असंच. गावातलं कोणाचं तरी.”

“ईचारलं का त्यायला?”

“यात विचारावं लागत नाही. कुठल्याही घरात जायचं, दिसेल ते घ्यायचं. मी कॉलेजपासून हेच करतोय.”

“आन हे तुमी कालेजपासून करून राह्यले?” सासूबाई हळूच उज्वलाकडे वळल्या. “म्या तुह्या बापाला म्हनलं व्हतं, पोराची नीट चवकशी करा.”

उज्वला हसली. हसली म्हणजे गोडी वाटतेय, असा मी सोयीचा अर्थ लावला आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात गेलो. ही माझी चूक. आजवर इतक्या राक्षसांसमोर उभा राहिलो, पण सासूबाईंच्या ताब्यात गाव सोडून मी चहा टाकायला गेलो.

दहा मिनिटांनी ट्रे घेऊन आलो तर तिघी खुशीत होत्या. पडद्यावर सनई-चौघडे वाजत होते, म्हणजे त्यातल्या त्यात पिपाण्या.

“पप्पा, कोष्ट्याच्या मुलीचं लग्न होतं,” वेदिका म्हणाली. “त्याने आपल्याला बोलावलं.”

“मंग जावा लागतं,” सासूबाई म्हणाल्या. “आन लगनाला रिकाम्या हाताने जात नाय. म्या म्हनलं, पिशवीत काय चांगलं हाय ते काढ. तर ते एक चकाकत व्हतं.”

माझ्या हातातला ट्रे आधी खाली टेकला. मग मी.

“सूर्यखड्ग?”

“तेच. आहेरात दिलं.”

“कॉम्प्युटरने परत विचारलं होतं हं, पप्पा. नक्की देऊ का, मग परत मिळणार नाही. आजी म्हणाली, दे.”

“आहेर वापस मागतं का कोनी?” सासूबाईंनी मलाच विचारलं.

आणि वर कोपऱ्यात, ठळक अक्षरांत, ‘खेळ सेव्ह झाला’ असं लिहून आलं. सोळा वर्षं. अकरा महिने. एक स्टॅटिस्टिक्स. मला खरोखर रडू येत होतं. ओरडायला तोंड उघडलं तर समोर उज्वला. ती कपात बघत होती, पण लक्ष सगळं माझ्याकडे होतं. ओरडलो असतो तर सोमवारी घरघंटी.

“छान केलंत, आई,” मी म्हणालो. (असा आवाज मी साहेबांसमोरही काढलेला नाही.)

“तेह्यनी बी मान राखला बरं का! दाव ग.”

वेदिकाने माउस दाबला. आमच्याकडच्या लग्नात पुरुषांना टॉवेल-टोपी मिळते. हा खेळ बनवणाऱ्यांनी कळवण कधी बघितलं असेल असं वाटत नाही, पण कोष्ट्याने परतीच्या आहेरात संतोषसिंहाला लोकरीची टोपी दिली होती. ती वेदिकाने त्याच्या डोक्यावर चढवलीही होती. खाली लिहिलं होतं, ‘बचाव एकने वाढला.’ कमरेला खड्ग नाही, डोक्याला टोपी. माझा योद्धा लग्नाच्या पंगतीत नंबर लागण्याची वाट बघणाऱ्या पाहुण्यासारखा उभा होता.

संध्याकाळी उज्वलाने निकाल दिला. “कॉम्प्युटर राहू दे. आईला फार आवडलाय. पुढच्या रविवारी त्या मुलीला मुराळी होऊन आणायचंय माहेरी.”

“आणि राक्षस?”

“त्याने कुठे बोलावलंय आपल्याला?”

मंगळवारी सासूबाई कळवणला निघाल्या. जाताना त्यांनी मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, खांद्यावर टॉवेल टाकला आणि डोक्यावर पांढरी टोपी ठेवली. मी वाकून नमस्कार केला.

“पप्पा, बचाव एकने वाढला!” वेदिका ओरडली.

उज्वलाने मला आपादमस्तक न्याहाळलं.

“म्हणजे आता एकूण बचाव एक,” ती म्हणाली.