मुक्यानं आणायचं औषध

"भाविकाचं वर्गात लक्षच नसतं," असं बाईंनी भर पालकसभेत सांगितलं, तेव्हा महेंद्रची मान खाली गेली ती गेलीच. लेक हुशार, पण गणित निम्म्यावर सोडून खिडकीतली चिमणी बघत बसणारी. शेवटी चामटोलीच्या हरिचंद्र वैद्यांकडे तिला न्यायचं ठरलं.

निघताना महेंद्रची आई, बनूबाई, दारात आडवी आली. "औषदाला जाताना चकार शब्द बोलायचा नाय. मागं वळून बगायचं नाय. तुजी कावीळ मी अशीच उतरवली. नायतर गुण येत नाय."

"आई, ते डिग्रीवाले वैद्य आहेत गं."

"मग? पाला काय डिगरीला भितो?"

महेंद्रनं विचार केला, लेकीसाठी करायचं तर हातचं राखून कशाला? बापलेकींनी ओठांवर बोट ठेवलं आणि अंबरनाथ पूर्वेहून स्कूटर निघाली. आरशात बघणं म्हणजेही मागे बघणंच, म्हणून महेंद्रनं दोन्ही आरसे फिरवून ठेवले होते.

बदलापूरच्या अलीकडे पेट्रोल भरायला थांबले. टाकीचं झाकण सीटखाली, म्हणून भाविका उतरली. महेंद्रनं हातवारे करूनच पेट्रोल घेतलं, सीट दाबली, किल्ली फिरवली आणि गडी निघाला! वजनावरून कळावं, तर भाविका म्हणजे काडी पैलवान.

मागून "ओ दादा, ओ भाई!" अशा हाका आल्या. महेंद्रनं मान ताठ ठेवली. पंपावरचा एक रिक्षावाला पाठलाग करत शेजारी आला. "अरे पीछे देख ना, पागल!" देव आपली परीक्षा बघतोय, असं समजून महेंद्रनं वेग वाढवला. खिशातला फोन वाजत राहिला, तोही त्यानं वाजू दिला. आपलं मन एवढं एकाग्र होऊ शकतं, याचा त्याला अभिमानच वाटायला लागला.

वैद्यांपुढे बसल्यावर त्यानं तोंड उघडलं. "काय सांगू डॉक्टर, पोरीचं कशातच लक्ष नसतं. आजूबाजूला काय चाललंय, भानच नाही!"

"बघू या नाडी," वैद्य म्हणाले. "आहे कुठे पोरगी?"

महेंद्र मागे वळला. मग बाहेर धावला. स्कूटर होती, मागची सीट रिकामी होती. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. बायको, किर्ती.

"अहो, ग्रुपवर भाविकाचा फोटो फिरतोय! 'मुकी मुलगी सापडली, पेट्रोल पंपावर आहे' म्हणे. मुकी कधी झाली ती?"

महेंद्र पंपावर पोचला तेव्हा भाविका खुर्चीत बसली होती, ओठ घट्ट मिटून, गाल ओले. भोवती ही गर्दी.

"हाच तो! मुकी पोरगी टाकून पळाला मेला," एक बाई चप्पल काढत म्हणाली.

"मुकी नाहीये हो ती! भाविका, सांग ना यांना!"

भाविकानं नकारार्थी मान हलवली. औषध अजून कुठे मिळालं होतं?

"बच्ची तो इसको पहचानती भी नहीं," रिक्षावाला म्हणाला.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं महेंद्रला झालं. तो तिथेच गुडघ्यांवर बसला आणि कावीळ, आजी, आरसे, सगळं सांगून टाकलं. लोक खो खो हसले. ते हसणं त्याला चपलेपेक्षा जास्त लागलं.

"बोल बाळा," तो म्हणाला. "नियम संपला. पप्पा चुकला."

भाविकानं आधी मोठा श्वास घेतला. "पप्पा, तू निघालास ना, तेव्हा मला हाक मारायची होती. पण मी नाही मारली. मग रडू आलं, तर आवाज न करता रडले." तिनं नाक पुसलं. "बाईंना सांगशील ना, माझं लक्ष होतं म्हणून?"

महेंद्रला तिच्याकडे बघवेना. त्यानं तिला पोटाशी धरलं, रिक्षावाल्याला हात जोडले आणि आरसे सरळ केले. तरी चामटोलीपर्यंत प्रत्येक वळणावर तो विचारत होता, "बसलीयस ना गं?"

वैद्यांनी पुन्हा नाडीसाठी हात मागितला, तेव्हा महेंद्रनं मान खाली घालून आधी आपलाच पुढे केला.