माघारीचा रस्ता बांधावरून

हा देश बुडणार! मी ठाम सांगतो. आणि बुडायच्या आत मी इथून निघणार. फौजेत एक गोष्ट पक्की शिकलोय : माघारीचा रस्ता आधी हेरून ठेवायचा. मी न्यूझीलंड हेरलं. गाई भरपूर, माणसं कमी आणि भावकी अजिबात नाही!

बेत मात्र गुप्त. कारण शेजारचा ऊस चुलतभाऊ जोतीरामचा. दर नांगरटीला तो आमच्यामधला बांध थोडा कोरून माझ्या रानात सरकवतो. मी निघालोय हे कळलं, तर हा विहिरीसकट रान गिळणार!

"आवं, मग बांधाकडं बगणार कोण?" संयोगितानं, म्हणजे बायकोनं, विचारलं.

"ते नंतर बघू!" एवढ्या मोठ्या बेतात हिला बांध सुचतो.

कागदपत्रांची पिशवी काखेला मारून इस्लामपूरच्या पासपोर्ट-व्हिसाच्या एजंटाकडं निघालो, तर जोतीराम फाट्यावर उभाच!

"कुठं रं, मानसिंग?"

"दात दुखतोय."

"आन् पिशवीत?"

"एक्स-रे हाय."

"येवढा? दाताचा हाय का म्हशीचा?"

त्याचे डोळे बारीक झाले. आमच्याकडं माणूस कागद घेऊन गुपचूप तालुक्याला गेला, की समोरच्याला एकच संशय येतो : ह्यानं मोजणी लावली! सरकारी मोजणी आली, की कोरलेला बांध उघडा पडतो. जोतीरामनं मोटारसायकल थेट माझ्या एसटीच्या मागं घातली.

"शेती आहे का तुमच्या नावावर?" एजंट मला विचारत होता, तेवढ्यात दार ढकलून जोतीराम आत!

"सायेब, ह्येचं काय बी ऐकू नगा! बांध हाय तितंच हाय! आज्याच्या टायमापास्नं!"

"कसला बांध?" एजंट दचकला. "हे तर न्यूझीलंडला निघालेत."

जोतीरामनं आ वासला. मग तो हळूहळू हसायला लागला. माझ्याकडं बघून तो हसलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

"कायमचं व्हय रं, गड्या?"

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स! 'परदेश प्रस्थानानिमित्त हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक : जोतीराम.' फोटो माझ्यापेक्षा त्याचाच मोठा. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आले, तर हा आपणहून साक्षीला! "लय सज्जन माणूस, सायेब. लवकर सोडा त्येला!" वर माझ्यासाठी चाकांची बॅगही घेऊन आला. मला रात्री झोप लागेना.

पासपोर्ट हातात पडला, त्या दिवशी त्यानं गावभर पेढे वाटले.

"बिनघोर जा गड्या," त्यानं मला मिठी मारली. "बांधाची काळजी करू नगंस. मी हाय की!"

मिठीतून मान वर काढली, तर त्याच्या रानात ट्रॅक्टर उभा. नांगर जोडलेला!

तेव्हापासून मी बांधावर खुर्ची टाकून बसतो. पासपोर्ट वरच्या खिशात असतो, जेवणाचा डबा इथंच येतो. संयोगिता डबा ठेवते, बांधाकडं बघते, मग माझ्याकडं बघते आणि निघून जाते.

रोज सकाळी पलीकडून जोतीराम हाक घालतो, "मग, कवा निगायचं?"

"बघू. देश सुधारतोय, गड्या."

"आँ? कवापास्नं?"

"झाले थोडे दिवस," मी खुर्ची त्याच्या बाजूला जराशी सरकवत म्हणतो, "लय सुधारतोय!"