कुरतड्यांच्या बिळातलं होम थिएटर

एका जंगलात, बाळांनो, एक उंदीर राहत होता. कुठल्या जंगलात ते विचारू नका. उंदीर सगळीकडे असतात आणि शेजारीही सगळीकडे असतात, तेव्हा कुठलंही धरलंत तरी चालेल.

उंदराचं नाव कुरतडे. सज्जन प्राणी. बायको, पाच-सहा पिल्लं, उतारावर स्वतःचं बीळ आणि कोठीत पावसाळ्यापुरत्या भुईमुगाच्या शेंगा. त्या उतारावर एक जुनी रीत होती. बीळ खणायचं तर आधी मागची वाट खणायची, मग पुढचं दार. मुलगी देताना मुलगा काय करतो, कसा दिसतो, हे कोणी विचारत नसे. "मागच्या वाटा किती?" एवढंच विचारत. कुरतड्यांच्या बिळाला तीन होत्या. त्या जोरावर त्यांना इंदूबाईंसारखी बायको मिळाली होती. नाहीतर मिशा यथातथाच होत्या.

मागच्या वाटा कशाला लागतात, सांगा बरं? शाबास. साप पुढच्या दाराने येतो म्हणून. तुम्हाला एवढं कळतं, कारण तुमची शिक्षणं अजून व्हायची आहेत.

तर एके दिवशी शेजारच्या पोखऱ्यांनी होम थिएटर आणलं. कुरतड्यांची भिंत धडधडू लागली.

"अहो, त्यांच्याकडे काही पाडकाम काढलंय का?" इंदूबाईंनी विचारलं.

"तो वूफर आहे," कुरतडे म्हणाले. त्यांचा चेहरा असा काही पडला होता की इंदूबाईंना दया आली.

"घेऊ आपणही. पण शंभर शेंगांत. वर एक टरफल द्यायचं नाही. पावसाळा तोंडावर आलाय, पिल्लं खाणार काय?"

"टरफलसुद्धा नाही," कुरतडे म्हणाले. आणि ते मनापासून म्हणाले. बजेट ठरवताना प्रत्येक जण प्रामाणिकच असतो, बाळांनो. बिघडतं ते दुकानात.

दुकान माकडाचं होतं. शंभर शेंगांचा आकडा ऐकून माकड हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं, कुरतडे रागावून घरी आले असते. माकड हळहळलं.

"शंभरात मिळतं ना, साहेब. अगदी चांगलं मिळतं. पण ते तुमच्यासारख्यांसाठी नाही हो. ते चिचुंद्र्या नेतात."

झालं. कुरतड्यांनी पडदाच ऐंशी शेंगांचा घेतला. एवढ्या पडद्याला हलके स्पीकर शोभेनात, म्हणून भारी स्पीकर घेतले. त्या स्पीकरांना पेलणारा अॅम्प्लिफायर घेतला. अॅम्प्लिफायर आलाच आहे तर वूफर पोखऱ्यांच्या दुप्पट घेतला. लोक नालेसाठी घोडा घेतात म्हणे. कुरतड्यांनी घोडा, टांगा आणि तबेला, सगळंच घेतलं.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत," इंदूबाई रिकाम्या कोठीकडे बघत म्हणाल्या.

"पाय पसरून झालेत," कुरतडे म्हणाले. "आता अंथरूण वाढवू."

एवढं करून आवाज काही मनासारखा लागेना. पोखरे येऊन ऐकून गेले आणि "छान आहे," म्हणाले. पोखरे खोटं कधी बोलतात हे कुरतड्यांना चांगलं ठाऊक होतं. आणि या वेळी ते खरं बोलत नव्हते, उगाच मन राखत होते. ते कुरतड्यांना फार लागलं. ते तडक दुकानात गेले. माकड म्हणालं, "आमचे सल्लागार पाठवतो. धामणे साहेब. वारुळात राहतात."

"म्हणजे... धामण?"

"बिनविषारी आहेत," माकड म्हणालं. "अख्ख्या जंगलाला विचारा. आजवर कोणाला विष चढवल्याचं ऐकलंय?"

कुरतड्यांनी खरंच विचारलं. कोणीही ऐकलं नव्हतं. धामण उंदराला विष देत नाही, अख्खा गिळते, हे उतारावर सगळ्यांना माहीत होतं. पण प्रश्न विषाचा होता, आणि उत्तर विषाचंच मिळालं. सुशिक्षित समाजात जेवढं विचारावं तेवढंच सांगतात.

धामणे साहेब पुढच्या दाराने आले. वागायला अतिशय मृदू. निम्मे बाहेरच थांबले, उगाच जागा नको अडवायला म्हणून.

"मला कान नाहीत," त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. कुरतडे दचकले. "म्हणूनच माझं मत निःपक्षपाती असतं. कानवाले कंपनीचं ऐकतात. मी आवाज पोटाने घेतो."

एवढं थोर वाक्य कुरतड्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांचे डोळे पाणावले.

धामणे साहेबांनी पोट जमिनीला लावलं. "पिल्लं किती? बसतात कुठे? आकारमानाने केवढी आहेत? स्पीकरचं अंतर काढावं लागतं ना." कुरतड्यांनी प्रत्येकाला त्याच्या जागेवर बसवून दाखवलं. धाकट्याला तर उचलून दाखवलं.

"आवाज गळतोय," शेवटी साहेब म्हणाले. "बिळाला भोकं फार. ती बुजवा. आणि पडदा दारासमोरच्या भिंतीला घ्या, म्हणजे पुढचं दार प्रेक्षकांच्या पाठीशी येईल. खरा आवाज पाठीमागूनच येतो."

कोठीतली वाट आणि निजायच्या कोपऱ्यातली वाट कुरतड्यांनी त्याच दिवशी बुजवली. तिसरी पडद्याच्या शेजारी होती. तिच्यापुढे इंदूबाई उभ्या राहिल्या.

"ही नाही. ही माझ्या सासऱ्यांनी स्वतःच्या दातांनी खणलीय."

"राहू द्या, राहू द्या," धामणे साहेब हळुवारपणे म्हणाले. "प्रत्येकाला कलेची ओढ असतेच असं नाही."

"साहेब, आपली फी?" कुरतड्यांनी ओशाळून विचारलं.

"काम झाल्यावर बघू. आणि आम्ही शेंगा घेत नाही."

कुरतडे हरखले. म्हणजे या खर्चाने बजेटला धक्का लागणार नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं काहीतरी बजेटमध्ये बसलं होतं.

तिसरी वाट धामणे साहेबांनी बुजवली नाही, कुरतड्यांनीही नाही. ती बुजवली पोखरेबाईंच्या जिभेने. त्या हळदीकुंकवाला आल्या, चहूकडे बघून घेतलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, भोक तसंच ठेवलंय? असू दे हो. ऐपत असते तेवढंच करावं माणसाने."

त्या गेल्यावर इंदूबाईंनी माती कालवली, त्यात काथ्या घातला आणि तिसरी वाट स्वतःच्या हातांनी लिंपली. लिंपताना त्यांना स्वतःचा भयंकर राग आला. पण लाज रागाहून मोठी निघाली, आणि लिंपण पुरं झालं. बाळांनो, मला इंदूबाईंची कीव येते. कुरतड्यांची येत नाही.

रविवारी दुपारी उद्घाटन ठेवलं. अख्खा उतार लोटला. धामणे साहेबांनी चाचणीसाठी मुद्दाम नागाचा सिनेमा सुचवला होता. "फुत्कार मानेवर आला पाहिजे," ते म्हणाले होते. ते स्वतः मात्र दिसत नव्हते. मोठ्या लोकांना वेळ कुठला?

दिवे मालवले. पिल्लांना घेऊन इंदूबाई पडद्याजवळ बसल्या. कुरतडे बरोबर मधोमध, कारण तिथे आवाज सगळ्या बाजूंनी सारखा येतो. वूफर असा काही घुमला की अख्ख्या उताराची माती थरथरली. वारुळापर्यंत थरथरली.

मध्यंतराच्या सुमारास मागून सरसर आवाज आला.

"वा!" सगळे म्हणाले. "अगदी मागे आहे असं वाटतं!"

मग फुत्कार आला. तोही मागून. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेची कुजबुज थांबली, तसं कुरतड्यांना बरं वाटलं. लोकांना सिनेमा बघताना गप्प बसायची सवय लागली एकदाची. थोड्या वेळाने त्याच्या पुढची रांगही गप्प झाली.

इंदूबाईंच्या मिशा थरथरल्या. स्पीकरमधून आवाज येतो, वास येत नाही. आणि हा वास होता. त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. सरळ पडद्याची कड फाडली आणि शेजारच्या लिंपणावर दात मारले. माती उडाली, काथ्या निघाला, उजेडाची एक तिरीप आत आली. त्यांनी पिल्लांना एकेक करून बाहेर ढकललं. पोखरे नवरा-बायको त्यांच्या पाठोपाठ घुसले.

"अहो, या लवकर!" इंदूबाई बाहेरून किंचाळल्या.

कुरतडे उठले. धावत आले. भोकाशी पोहोचले. आणि तिथेच पडलेला काथ्या उचलून भोकात कोंबू लागले.

"वेडी आहेस का? ऐन फुत्काराला वाट उघडलीस? सगळा आवाज गळतोय!"

हे त्यांचं शेवटचं वाक्य. धामणे साहेबांनी पाठीमागून फी घेतली.

आठवड्याने पोखरे समाचाराला आले. इंदूबाई बांधापलीकडे नवं बीळ खणत होत्या. पिल्लं आजूबाजूला उपाशीपोटी लुडबुडत होती.

"फार वाईट झालं, वहिनी," पोखरे म्हणाले. मग त्यांना राहवेना. "पण काय आवाज होता हो तो! अजून अंगावर काटा आहे. आमच्याकडे नाही येत असा."

इंदूबाई खणत राहिल्या.

"तो वूफर तुम्ही आता काय करणार? म्हणजे दिला असतात तर... पन्नास शेंगा लगेच देतो."

इंदूबाई थांबल्या. त्यांनी पंजे झटकले. पन्नास शेंगा मोजून घेतल्या आणि पिल्लांपुढे टाकल्या.

"घेऊन जा, भावजी," त्या म्हणाल्या. "तिथेच आहे. धामणे साहेबही तिथेच राहायला आलेत. ते जोडूनसुद्धा देतील."

"फी किती घेतात?"

"शेंगा घेत नाहीत."

"सज्जन माणूस," पोखरे म्हणाले, आणि उड्या मारतच गेले.

तात्पर्य : होम थिएटर घेण्याआधी बजेट अवश्य ठरवावं. म्हणजे ते कितीने ओलांडलं हे चारचौघांत सांगता येतं. आणि बिळाला मागची वाट कधीही ठेवू नये. तिने जीव वाचतो हे खरं, पण लोक आवाजाला नावं ठेवतात.