खोक्यात बांधलेली सहल

मी बांधलेलं खोकं फुटत नाही. ही बढाई नव्हे, अनुभव आहे! लोकांची बिऱ्हाडं एका घरातून दुसऱ्या घरात हलवणं हा माझा धंदा. एकदा एका वकिलांचं काचेचं झुंबर मी चौथ्या मजल्यावरून उतरवलं, तर खाली येईपर्यंत त्यावरची धूळसुद्धा हलली नव्हती!

अशा माणसाला बायकोचा भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजी, मुलांना फिरवणं म्हणजे कपाट हलवणं नव्हे. ते काम माझं!"

मुलांचा हा मामा म्हणजे पिशवीत एक चेंडू कोंबून निघणारा गडी. पाण्याची बाटली हमखास विसरणार. पण मुलं त्याच्यावर जीव टाकतात, आणि मला विचारतात, "बाबा, तुम्ही पण येणार?" त्यातला तो 'पण' मला फार लागायचा. म्हणून मी पैज लावली. हा रविवार माझा. सुट्टीतले बाकीचे रविवार बाबांचे की मामाचे, ते संध्याकाळी मुलांनी सांगायचं.

मी जेवण बांधायला घेतलं. एकेक सँडविच बबल रॅपमध्ये. उकडलेल्या अंड्यांना पुठ्ठ्याचे कप्पे. कलिंगडाला दोन्हीकडून उशा.

"अहो, टेकडीवर जायचंय, परदेशात नाही," बायको म्हणाली.

"प्रवास तो प्रवास!" मी म्हणालो. मुलं सोबत असताना धारदार वस्तू बाहेर ठेवायची नाही, हा आमचा नियम. म्हणून सुरी, कात्री, कटर सगळं आधीच तळाशी गेलं. मग वरून धाग्याची, हाताने न फाटणारी टेप. उभी, आडवी, कोपऱ्यांवर दुहेरी! चारी बाजूंना लाल अक्षरांत 'नाजूक'!

ते धूड मी आणि मामाने टेकडीवर चढवलं. मामा वाटेत तीनदा बसला, मी एकदाही नाही.

"बाबा, भूक!" थोरली म्हणाली.

"हे बघ, आत्ता उघडतो!" मी ऐटीत खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. मग पुन्हा पहिल्या खिशात.

"कटर कुठंय?" बायकोने विचारलं.

"सुरक्षित जागी."

"म्हणजे?"

"खोक्यात."

मामा गवतावर लोळून हसायला लागला. मी किल्लीने टेप खरवडली. किल्ली वाकली! तेवढ्यात धाकट्याने टेपेला दातच लावले. त्याचा एक दात महिनाभर हलत होता. टेप जागची हलली नाही, दात मात्र हातात आला! धाकट्याने असा सूर लावला की टेकडीवरचा रखवालदार धावत आला.

"काय आहे खोक्यात?"

"जेवण," मी म्हणालो.

"मग उघडा."

"उघडत नाही."

"आणि आत सुरी, कात्री, कटरपण आहे!" थोरलीने खरं ते सांगून टाकलं. लहानपणापासून आम्हीच शिकवलंय.

रखवालदार दोन पावलं मागे सरला आणि त्याने शिट्टी फुंकली. माणसं गोळा झाली. मी समजावत होतो, धाकटा दात दाखवत होता, आणि मामा "सरका, मी बघतो!" म्हणत खोक्याला रेटत होता. खोकं उताराला लागलं!

गडगड गडगड! लोक ओरडत बाजूला उड्या मारत होते. खोकं तीनदा उलटलं, बाकावर आपटलं आणि थेट पायथ्याशी जाऊन थांबलं. मी धावत जाऊन पाहिलं. एक कोपरासुद्धा दबला नव्हता! खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला.

शेवटी बायकोने केसांतली पिन काढली, टेपेला ओळीने भोकं पाडली आणि खोकं टरकावलं. अंडी शाबूत! कलिंगडाला ओरखडा नाही! एक अंडं रखवालदाराने खाल्लं आणि शिट्टी खिशात टाकली.

जेवणं होईपर्यंत मुलं गायब. वर पाहिलं, तर खोक्याचे फाटलेले पुठ्ठे बुडाखाली घेऊन दोघं उतारावरून सुसाट घसरत येत होती. मागे टेकडीवरची सगळी पोरं रांगेत! उरलेली बबल रॅपवर नाचत होती. मामाचा चेंडू झुडपात एकटा पडला होता. संध्याकाळपर्यंत कोणी घरी यायला तयार होईना.

"हं, आता निकाल सांगा," मी मिशीला पीळ देत म्हणालो.

दोघांनी कुजबुज केली. थोरली म्हणाली, "सगळे रविवार खोक्याचे!"

"म्हणजे बाबांचे!" मी मामाच्या पाठीवर थाप मारली.

"नाही," ती म्हणाली. "मामा नेईल आम्हाला. तुम्ही नुसतं खोकं द्या. आणि बाबा, त्यात काही भरू नका हं, उघडण्यातच सगळा वेळ जातो!"