मावशीच्या काखेतली गाठ

कोणताही रोग मंजूर होईपर्यंत रोग नसतो. आमच्या संशोधन संस्थेचा सगळा डोलारा या सत्यावर उभा आहे, आणि संस्थेचा प्रशासन अधिकारी या नात्याने मी हे छाती फुगवून सांगतो.

आमच्याकडे माकडांना प्रतिकारशक्ती पोखरणारा एक विषाणू टोचतात आणि सुरुवातीला तो काय करतो ते पाहतात. (टोचतो आम्हीच. रोग झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र माकडाची.) प्रकल्पाचं नाव 'सुरुवातीचा संसर्ग'.

त्यातली एक माकडीण म्हणजे मावशी. येणाऱ्याजाणाऱ्याकडे नापसंतीने बघते, म्हणून हे नाव. माझ्या शर्टाची बटणं तोडणे हा तिचा आवडता उद्योग. तर एके सकाळी डॉक्टरबाई धापा टाकत माझ्या खोलीत आल्या.

"अहो, मावशीच्या काखेतल्या गाठीत विषाणू सापडलाय! आजच औषध सुरू केलं तर निभावून जाईल ती. तेवढी परवानगी द्या."

"रक्तात आहे का?"

"रक्तात इतक्यात दिसत नाही हो. शरीराचे पहारेकरी गाठीत असतात, तो आधी त्यांनाच धरतो."

"मग बाई, रक्त स्वच्छ म्हणजे माकड स्वच्छ."

यात माझा हट्ट नव्हता. आमच्या नियमानुसार रोग रक्तातच होतो. रक्त तपासायचं यंत्र वाजतगाजत आलं होतं आणि त्याची फीत कापतानाचा फोटो संचालकसाहेबांच्या खोलीत आहे. गाठीचा फोटो कुणाच्याच खोलीत नाही.

तरी परवानग्या देणाऱ्या आमच्या समितीने विषय गांभीर्याने घेतला, म्हणजे पुढच्या बैठकीत घेतला. निर्णय असा झाला: ज्या अर्थी विषाणू पहारेकऱ्यांच्या चौकीत सापडला, त्या अर्थी तो अटकेत आहे. अटकेतल्या आरोपीवर पुन्हा औषध सोडणे न्यायाला धरून नाही.

"अटकेत कसला डोंबलाचा! चौकीच बळकावलीय त्याने!" बाई ओरडल्या. (वाक्य भावनेच्या भरात उच्चारल्याने इतिवृत्तातून वगळले.)

यथावकाश विषाणू रक्तात उतरला. मी लगेच औषधाची फाइल पुढे सरकवली. पण समितीने अचूक बोट ठेवलं: प्रकल्प सुरुवातीच्या संसर्गाचा, आणि सुरुवात तर संपली. सबब मावशी प्रकल्पाबाहेर. या पद्धतीमुळे आमच्याकडे सुरुवातीचा संसर्ग आजवर एकाही माकडाला झालेला नाही. यशाचं प्रमाण शंभर टक्के.

बाई जिन्यात बसून रडल्या. मला फार वाईट वाटलं. मी चहा पाठवला.

मावशी आता कोपऱ्यात अंग चोरून बसते. मी मुद्दाम जवळ गेलो, तरी बटणाकडे बघितलंसुद्धा नाही तिने.

मध्यंतरी आंघोळ करताना संचालकसाहेबांच्या हाताला गळ्याशी एक गाठ लागली. आमच्याच यंत्रावर रक्त तपासलं, अगदी स्वच्छ निघालं. "रक्ताला काय कळतंय!" म्हणत साहेबांनी कागद भिरकावला आणि जेवायच्या सुट्टीआधी गाठ तपासून घेतली. (समिती बसली नाही. साहेब प्रकल्प नाहीत.) साधी सर्दीची गाठ निघाली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

वाचकहो, तुम्ही मावशीसाठी हळहळलात, आमच्यावर चिडलात, चांगलंच केलंत. फक्त एवढं सांगा. मावशीच्या काखेतली गाठ वाचताना तुमचा हात पानावरच होता. साहेबांच्या गळ्याची गाठ आली, तेव्हा तो कुठे गेला?